कॅप अशी हवी की ओळखूच येऊ नये

दाताला सिरॅमिक कॅप बसवायची असेल तर रंग कसा निवडावा, कोणती कॅप कोणत्या दाताला चालते आणि ती टिकवायची कशी?

सुपारीचे खांड, फुटाण्यातला खडा किंवा पोळा-हरतालिकेच्या दिवसांत शेजारच्या छत्तीसगढी घरातून आलेली कडक ठेठरी. दाताचा टवका उडायला एवढे निमित्त पुरते. दाढ असली तर माणूस दुसऱ्या बाजूने चावून वेळ मारून नेतो. पण दात समोरचा असला आणि घरातले लग्न महिन्यावर आले असले, की धावपळ सुरू होते. दवाखान्यात गेल्याबरोबर पहिला आग्रह असतो, "डॉक्टर, अगदी पांढरीशुभ्र कॅप बसवा हं!"

इथेच गणित चुकते. पांढरीशुभ्र कॅप शेजारच्या दातांत उठून दिसते आणि फोटोत तर जास्तच. चांगली कॅप ती, जी समोरच्याला कळतही नाही. शिवाय कॅप कितीही महाग असली तरी तिच्याखालचा दात आपलाच असतो. कॅपला कीड लागत नाही, त्या दाताला मात्र लागते. या दोन गोष्टी आधी लक्षात घेतल्या तर पुढचा बराच मनस्ताप आणि खर्च वाचतो.

नागपूरच्या वाऱ्या संपल्या

नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ सालचे. रायपूरला सरकारी दंत महाविद्यालय आले ते २००० साली छत्तीसगड राज्य झाल्यानंतर. तात्यापारा, बूढापारा, चौबे कॉलनी या भागांतल्या मराठी घरांचे सोयरेधायरे विदर्भात, त्यामुळे लग्नाची खरेदी नागपूरला आणि जमल्यास दातांचे कामही तिथेच, असा बेत करणे सोपे होते. आज रायपुरातच सिरॅमिक कॅप बसवणारे दवाखाने जागोजागी आहेत. दंत महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी हे काम करतात. तिथे फेऱ्या जास्त होतात, पण खर्च कमी येतो.

सोय वाढली तशी जाहिरातही वाढली. "दोन भेटींत नवे हसू" अशा पाट्या वाचून धडधाकट दातांनाही कॅप बसवून घेणारे तरुण-तरुणी दिसू लागले आहेत. म्हणून पहिला प्रश्न रंगाचा नाही, गरजेचा आहे.

कॅप हवीच का?

कॅप बसवण्यासाठी दात चारही बाजूंनी आणि वरून कोरून लहान करावा लागतो. कॅपच्या प्रकाराप्रमाणे साधारण १ ते २ मिलिमीटर. ऐकायला हे थोडे वाटते, पण दाताचे वरचे कठीण आवरण, म्हणजे एनॅमल, मुळात तेवढेच जाड असते. एकदा कोरलेले एनॅमल पुन्हा येत नाही. त्या दाताला पुढे आयुष्यभर कॅप लागणार.

रूट कॅनाल झालेली दाढ, मोठा तुकडा उडालेला दात, निम्म्याहून अधिक भाग सिमेंटने भरलेला दात यांना कॅपचा आधार खरोखरच लागतो. पण कोपरा थोडासा उडाला असेल तर दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट भरून काम भागते. दोन दातांमधली लहान फट किंवा समोरचा डाग असेल तर पुढच्या बाजूला पातळ पापुद्र्यासारखे व्हेनियर बसवता येते आणि त्यासाठी दात फार कमी कोरावा लागतो. दात नुसते पिवळसर असतील तर आधी साफसफाई करून पाहावी. पुष्कळदा पान, चहा आणि तंबाखूची पुटे निघून गेल्यावर खालून चांगले दात निघतात.

चिनी मातीपासून झिरकोनियापर्यंत

हस्तिदंती कवळीला येणाऱ्या दुर्गंधीने कंटाळलेल्या एका फ्रेंच औषधविक्रेत्याने १७७४च्या सुमारास चिनी मातीचे दात करवून घेतले, तिथून ही कथा सुरू होते. दातावर टोपीसारखी बसणारी पोर्सिलेनची कॅप अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातले दंतवैद्य चार्ल्स लँड यांनी तयार केली आणि १८८९ साली तिचे पेटंट घेतले. अटलांटिक महासागर एकट्याने विमानातून ओलांडणारा चार्ल्स लिंडबर्ग हा त्यांच्या मुलीचा मुलगा. लँड यांची कॅप दिसायला सुरेख, पण ठिसूळ. म्हणून १९६०च्या दशकापासून आत धातू आणि वर पोर्सिलेन अशा मेटल-सिरॅमिक कॅपचा जमाना आला. आज आपल्यासमोर मुख्यतः तीन पर्याय असतात.

मेटल-सिरॅमिक : मजबूत, अनुभवाने पारखलेली आणि तुलनेने स्वस्त. दोष असा की आतल्या धातूतून प्रकाश आरपार जात नाही, त्यामुळे दात थोडा निर्जीव दिसतो. वयाबरोबर हिरडी खाली सरकली की कडेला काळपट रेघ दिसू लागते. धातूत निकेल असू शकते. खोट्या दागिन्यांनी कानाला खाज किंवा पुरळ येत असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावे. मागच्या दाढांसाठी ही कॅप आजही चांगली.

लिथियम डायसिलिकेट : ही काचेच्या जातीची, पूर्ण सिरॅमिक कॅप. खऱ्या दातासारखा प्रकाश आत घेते, म्हणून समोरच्या दातांना शोभते. पण खालचा दात रूट कॅनालनंतर काळा पडला असेल किंवा त्यात धातूचा खिळा असेल, तर तो काळेपणा आतून डोकावू शकतो.

झिरकोनिया : तिघींत सर्वांत कणखर सिरॅमिक. कॉम्प्युटरवर आखून यंत्राने कोरतात. दाढांना आणि झोपेत दात खाणाऱ्यांना उपयोगी. सुरुवातीच्या झिरकोनिया कॅप खडूसारख्या पांढऱ्या दिसत. आता जास्त पारदर्शक प्रकार मिळतात, मात्र पारदर्शकता वाढली की मजबुती काहीशी कमी होते.

तेव्हा "सर्वांत महाग ती सर्वांत चांगली" हा हिशेब इथे लागू पडत नाही. समोरचा दात आणि दाढ यांना वेगवेगळ्या जातीची कॅप लागू शकते.

रंग ठरवावा दिवसाउजेडी

साडीला मॅचिंग ब्लाऊजपीस घेताना आपण कापड दुकानाच्या दारात नेऊन पाहतो. कारण ट्यूबलाइटखाली एक दिसणारे दोन रंग उन्हात वेगळे निघतात. दातांचेही तसेच आहे. डॉक्टरांकडे रंगांच्या नमुन्यांची पट्टी असते. सर्वांत प्रचलित पट्टीत १६ छटा आहेत. हा नमुना दाताजवळ धरून खिडकीच्या उजेडात पाहावा, शक्यतो सकाळी उशिरा किंवा दुपारी, कडक उन्हात नव्हे.

रंग बघायला जाताना लिपस्टिक लावू नये आणि भडक लाल किंवा केशरी कपडे टाळावेत, त्यांची झाक दातांवर पडते. रंग दात कोरण्यापूर्वीच ठरवायला हवा. तोंड बराच वेळ उघडे राहिले की दात कोरडे होतात आणि तात्पुरते जास्त पांढरे दिसतात. त्या वेळी निवडलेली छटा नंतर हमखास चुकते.

आरशात आपले दात नीट पाहा. हिरडीजवळ ते थोडे पिवळसर, मध्ये उजळ आणि टोकाला किंचित पारदर्शक दिसतील. सुळे तर पटाशीच्या दातांपेक्षा जरा गडदच असतात. चांगला तंत्रज्ञ कॅपमध्ये हे सारे उतरवतो. एकसारखा पांढरा रंग दिला की दात बाहुलीचा वाटतो. पाण्यात फ्लोराइड जास्त असलेल्या गावात बालपण गेले असेल तर दातांवर पांढरे किंवा तपकिरी ठिपके असू शकतात. तसे हलके ठिपके कॅपवरही करता येतात. त्यासाठी डॉक्टरांनी शेजारच्या दातांचा फोटो लॅबोरेटरीला पाठवावा, असे आग्रहाने सांगा.

दात उजळ करण्याची ट्रीटमेंट घ्यायची असेल तर ती कॅपच्या आधी. कॅपचा रंग पुढे कोणत्याही औषधाने बदलत नाही. उजळवल्यानंतर रंग स्थिर व्हायला साधारण दोन आठवडे द्यावेत आणि मगच छटा ठरवावी. म्हणून लग्नघरातल्यांनी दोन-तीन महिने आधीच दवाखाना गाठलेला बरा.

पक्की बसवण्यापूर्वी

तयार कॅप सिमेंट न लावता आधी नुसती चढवून बघतात. ही वेळ महत्त्वाची. आरसा घेऊन खिडकीशी जा, हसून बघा, सोबत आलेल्या माणसाला चार पावलांवरून बघायला सांगा. दात मिटल्यावर कॅप आधी टेकते का, शेजारच्या दाताशी फट राहते का, जिभेला कड लागते का, हे स्पष्ट सांगा. संकोच करू नका. सिमेंट लागल्यावर कॅप काढायची म्हणजे बहुधा ती कापूनच काढावी लागते. उंची कमी करण्यासाठी कॅप घासली असेल तर तो भाग पुन्हा गुळगुळीत करून घ्यावा, नाहीतर खरखरीत सिरॅमिक समोरच्या खऱ्या दाताला झिजवते.

गुडाखू, मशेरी आणि कॅपची कड

आपल्या आजी-मावश्यांची मशेरी, तसा छत्तीसगडचा गुडाखू. तंबाखू आणि गुळाचा हा काळा लगदा छोट्या डबीत मिळतो आणि तो बोटाने दातांवर चोळतात. कित्येक बायका सकाळी दात साफ करायचे म्हणून सुरुवात करतात आणि मग दिवसातून चार वेळा डबी उघडतात. तंबाखूने तोंडाचा कर्करोग होऊ शकतो, हा सर्वांत मोठा धोका. कॅपच्या बाबतीत आणखी एक. रोजच्या चोळण्याने हिरडी मागे सरते, कॅपची कड उघडी पडते, तिथे पुटे साचतात आणि आतला दात कुजू लागतो. वरून कॅप चकचकीत असते, म्हणून कळतही नाही. मीठ-कोळशाची भरड पूड किंवा कडक दातवण जोरजोरात घासण्यानेही हिरडीचे असेच नुकसान होते.

रोजची देखभाल अशी करा

मऊ ब्रश आणि फ्लोराइडची साधी टूथपेस्ट घेऊन दिवसातून दोनदा दात घासावेत. ब्रशचे केस कॅप आणि हिरडी जिथे भेटतात तिथे तिरके टेकवून हळू फिरवावेत. रात्री दातांमधून फ्लॉसचा दोरा किंवा बारीक ब्रश फिरवावा.

तात्पुरती कॅप असेतोवर चिक्की, तिळाचे लाडू, च्युइंगगम वर्ज्य. या दिवसांत फ्लॉस वर न ओढता बाजूने काढावा.

कॅपने सुपारी फोडू नये, बर्फ चावू नये, दोरा तोडू नये. रात्री दात खाण्याची सवय असेल तर नाइट गार्ड करून घ्यावे.

सहा महिन्यांनी तपासणी करावी. फ्लोराइड जेल लावणार असतील तर तोंडात सिरॅमिक कॅप आहे हे सांगावे, कारण काही आम्लयुक्त जेलने तिची चमक जाते.

कॅप निघालीच तर ती डबीत जपून ठेवावी आणि लवकर दवाखान्यात जावे. घरातल्या गोंदाने ती कधीही चिकटवू नये.

डॉक्टरांना हे विचारा

कॅपशिवाय दुसरा उपाय आहे का? कॅप नेमकी कशाची, आणि बिलावर तसे लिहून मिळेल का? कोणत्या लॅबोरेटरीत बनणार? सांगितलेल्या रकमेत रूट कॅनाल, तात्पुरती कॅप आणि नंतरच्या दुरुस्त्या येतात का? "गॅरंटी कार्ड" मिळाले तर नीट वाचा. ती हमी सहसा कॅप तुटण्याची असते, आतला दात किडण्याची नसते. रस्त्याकडेला तासाभरात प्लास्टिकचा पक्का दात चिकटवून देणाऱ्यांपासून दूर राहा. त्या प्लास्टिकखाली शेजारचे चांगले दातही खराब होतात.

नीट निवडलेली आणि नीट सांभाळलेली कॅप दहा-पंधरा वर्षे सहज साथ देते, कित्येकदा त्याहून अधिक. तेवढी वर्षे तिची आठवणही येऊ नये, इतकी ती आपल्या दातांत मिसळून गेली पाहिजे. फक्त ब्रश हातात घेतल्यावर तिच्या कडेवरून दोन हात जास्त फिरवायला विसरू नका.