फिशटँकमध्ये रोपं लावलीत? मग कार्बन बारा महिने ठेवायची गरज नाही

बारामती / इंदापूर : फिशटँकचा फिल्टर घेतला की त्यासोबत बऱ्याचदा काळ्या दाण्यांची पिशवी येते. हा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन. पाणी बिघडलं की कार्बन बदला, असा सल्लाही मिळतो. पण टाकीत जिवंत रोपं असतील तर कार्बन काय करतो आणि काय करत नाही, हे आधी समजून घ्या. नाहीतर पैसेही जातात आणि मासेही.

कार्बन काय करतो?
नारळाच्या करवंटीपासून किंवा दगडी कोळशापासून तो बनतो. १ ग्रॅम कार्बनमधल्या बारीक छिद्रांचं क्षेत्रफळ ५०० चौरस मीटरहून जास्त, म्हणजे जवळपास ५ गुंठे भरतं. क्लोरीन, वास, लाकडाचा पिवळा रंग आणि औषधाचे अंश तो धरून ठेवतो. चुलीतला कोळसा असं काम करत नाही, तो टाकीत टाकू नका.

काय करत नाही?
बोअरच्या पाण्यातले क्षार आणि जडपणा कार्बनने जात नाही. घरच्या आरओतही कार्बन असतो, पण क्षार अडवते ती मेम्ब्रेन. पाणी जड असेल तर गप्पी, मोली असे मासे निवडा, ते अशा पाण्यात चांगले राहतात.

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून तयार होणारा अमोनियाही कार्बन काढत नाही. मासे मरतात ते बऱ्याचदा यामुळेच. अमोनिया कमी करतात ती रोपं आणि फिल्टरच्या स्पंजवरचे जिवाणू. म्हणून स्पंज नळाखाली धुऊ नका. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळून घ्या.

रोपांचं काय?
पिकाला चिलेटेड लोह देतात, तसं टाकीतल्या रोपांनाही द्रवरूप खत मिळतं. त्यातला काही भाग कार्बन धरून ठेवतो. त्यामुळे रोज कार्बन ठेवून वर खत टाकणं म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्याने काढून घेणं.

मग कधी वापरायचा?
- माशांना औषध देताना कार्बन काढून ठेवा, कोर्स संपल्यावर लावा.
- पाण्याला रंग किंवा वास आला तर लावा.
- साधारण ३-४ आठवड्यांत तो भरतो. धुऊन किंवा उन्हात वाळवून पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

एरवी दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. क्लोरीन असलेलं नळाचं पाणी थेट ओतू नका. बादलीत २४ तास उघडं ठेवा किंवा अँटी-क्लोरीनचे थेंब टाका.