दार घासतंय? रंधा मारण्याआधी फट बघा!



वर्गाचं दार खाली फरशीला घासतं, कडी कोयंड्यात बसत नाही. मग आपण सुताराला बोलावून दार खालून रंधून घेतो. थोड्या दिवसांत ते पुन्हा घासू लागतं, कारण बऱ्याचदा दोष दारात नसतो, बिजागरीत असतो. रंधलेलं लाकूड मात्र परत येत नाही.

म्हणून आधी दार लावा आणि दार व चौकट यांमधली फट बघा. ती सगळीकडे सारखी, साधारण २ ते ३ मिलिमीटर असावी. पट्टीने मोजता येते.

फट काय सांगते?

१) कडीच्या बाजूला वर फट कमी, खाली जास्त आणि दाराचा खालचा कोपरा फरशीला लागतो : वरची बिजागरी सैल झाली आहे.

२) याच्या उलट, खाली फट कमी आणि दाराचा वरचा कोपरा चौकटीला लागतो : वरची बिजागरी जास्त खोल बसली आहे किंवा खालची बाहेर आली आहे.

३) कडीच्या बाजूची फट वरपासून खालपर्यंत सारखीच कमी, तीही फक्त पावसाळ्यात : लाकूड फुगलं आहे. ते वाळेपर्यंत थांबा.

असं का होतं?

दाराच्या वजनामुळे वरची बिजागरी चौकटीपासून ओढली जाते, तर खालची चौकटीवर दाबली जाते. त्यामुळे बहुधा वरचेच स्क्रू आधी ढिले होतात. मुलं कडीला लोंबकळून झोका घेतात तेव्हा ही ओढ खूप वाढते. वजन बिजागरीपासून जितकं लांब, तितकी ओढ जास्त.

दुरुस्ती कशी करायची?

दाराखाली पाचर लावून वजन पेला. एका वेळी एकच बिजागरी हाताळा. आधी स्क्रू आवळून बघा. स्क्रू नुसताच फिरत असेल तर भोक मोठं झालेलं आहे. त्यात लाकडाचा डिंक लावलेल्या बांबूच्या काड्या ठोका, रात्रभर वाळू द्या, वर आलेला भाग कापा आणि स्क्रू पुन्हा बसवा. एवढं करूनही खालचा कोपरा घासत असेल तर खालच्या बिजागरीच्या पात्यामागे जाड पुठ्ठ्याची एक पट्टी घाला. दाराचा खालचा भाग किंचित बाहेर सरकतो आणि कडीची बाजू वर उचलली जाते. प्रत्येक वेळी दार लावून फट पुन्हा बघा.

सैल बिजागरीचं दार मुलांच्या अंगावर येऊ शकतं, म्हणून हे काम 'उद्या बघू' म्हणून सोडू नका. काम चालू असताना मुलांना लांब ठेवा. बिजागरीच्या फटीत बोटं घालायची नाहीत, हेही त्यांना बजावून सांगा.

दुरुस्तीनंतर मुलांकडून वरची, मधली आणि खालची फट मोजून वहीत लिहून घ्या. मापनाचा सराव होईल, आणि दाराला लोंबकळायचं का नाही हे न ओरडता समजेल.