पापाची कबुली आणि उघडे मन

अंधेरी, कुर्ला किंवा बोरिवलीच्या गावठाणांतून फिरताना नाक्यावर हार घातलेला एखादा क्रूस हमखास दिसतो. तेथील ईस्ट इंडियन ख्रिस्ती मंडळींची बोली मराठीच. त्यांची मुले वर्गात आपल्या शेजारी बसतात. तरीही त्यांच्या धर्माविषयी आपले ज्ञान बहुधा हिंदी चित्रपटापुरतेच असते. तेथे गुन्हेगार चर्चमधील लाकडी जाळीपाशी गुडघे टेकतो, ‘फादर, मी पाप केले’ म्हणतो आणि सुटतो. ‘बरे आहे यांचे! आठवडाभर पापे करावीत आणि रविवारी सांगून मोकळे व्हावे,’ असे कँटीनमध्ये सहज बोलले जाते. हा गैरसमज थेट त्या धर्माच्या गाभ्याविषयीचा आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

कॅथलिकांनी वर्षातून निदान एकदा धर्मगुरूपुढे पाप सांगावे, असा नियम १२१५ च्या लॅटरन धर्मसभेने केला. लाकडी कक्ष आणि जाळी ही पुढे सोळाव्या शतकातील सोय. गोव्याकडचे ख्रिस्ती या विधीला ‘कुमसार’ म्हणतात. धर्मगुरूने ऐकलेले कोणालाही, अगदी न्यायाधीशालाही सांगायचे नसते. परंतु नुसते सांगितल्याने काम भागत नाही. खरा पश्चात्ताप हवा, पुन्हा तसे न करण्याचा निश्चय हवा आणि दुसऱ्याचे झालेले नुकसान भरून देण्याची तयारीही हवी. चोरलेले घड्याळ मनगटावर मिरवीत क्षमा मागता येत नाही! शुभवर्तमानातील जक्कय हा जकातदार येशू घरी आल्यावर अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ करतो आणि ज्याला फसवले असेल त्याला चौपट परत करण्याचे कबूल करतो. चित्रपटवाल्यांना हा जक्कय भेटलेला दिसत नाही.

प्रॉटेस्टंट पंथांत साधारणतः धर्मगुरू मध्ये नसतो. भक्त थेट देवाशी बोलतो. मग प्रश्न येतो, देव सर्वज्ञ असेल तर त्याला सांगायचे कशाला? याचे उत्तर असे की, हे सांगणे देवाला माहिती पुरविण्यासाठी नसतेच. माणसाने स्वतःशी चालविलेली लपवाछपवी त्यामुळे थांबावी, एवढ्यासाठी ते असते.

माझ्या मते पापापेक्षा शंका कबूल करणे अधिक अवघड. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. आश्रय देणाऱ्यांचे म्हणणे निमूट मान्य करणे त्यांना सोयीचे झाले असते. पण त्रैक्याचा सिद्धान्त पटत नाही, हे त्यांनी सिस्टर जेराल्डाईनना पत्रांतून स्पष्ट कळविले. सिस्टरना त्याचे दुःख झाले, वादही झाले. तरी पुढे ती पत्रे जतन करून संकलित केली ती त्याच सिस्टरनी. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे १९०७ मध्ये, केडगावच्या मुक्तिसदनाचा व्याप वाढलेला असताना, रमाबाईंनी लिहिले की बाप्तिस्मा घेतला तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. त्यांच्या धर्मांतरावर टीका करणारे काही थोडे नव्हते. त्यांच्या हाती आपण होऊन असे वाक्य द्यायला काय धैर्य लागले असेल!

लक्ष्मीबाई टिळकांची तऱ्हा निराळी. रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी आपले पाणी आणि स्वयंपाक निराळाच ठेवला. १९०० मध्ये त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’चे भाग १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले, तोपर्यंत टिळकांचे नाव ख्रिस्ती समाजात आदराने घेतले जात होते. अशा घरातील बाईने आपले सोवळे, विटाळाची धास्ती, नवऱ्यावरचा संताप यांवर पांघरूण घातले असते तर कोणाला कळणार होते? त्यांनी ते सारे लिहिले आणि वर स्वतःलाच हसून घेतले. नवऱ्याच्या तिरसटपणालाही त्यांनी सूट दिली नाही. मराठीच्या तासाला आपण त्या विनोदाला दाद देतो, पण तो ख्रिस्ती बाईने मांडलेला आपल्या मनाचा झाडा आहे, हे मात्र कोणी सांगत नाही.