राखेच्या ढगाचा माग

ज्वालामुखीच्या उद्रेकात शिलारसात विरघळलेले वायू एकाएकी प्रसरण पावतात, त्या स्फोटाने शिलारसाच्या चिंधड्या उडतात आणि त्या हवेतच थिजून काचेचे व खनिजांचे टोकदार कण तयार होतात. यांपैकी दोन मिलिमीटरहून लहान कणांना भूशास्त्रात राख म्हणतात. जाड कण लवकर खाली बसतात, परंतु मायक्रोमीटरमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजावे लागणारे बारीक कण वाऱ्याबरोबर हजारो किलोमीटरचा प्रवास करतात. जेट इंजिनाच्या ज्वलनकक्षातील उष्णतेने हे कण वितळतात आणि पुढच्या, तुलनेने थंड भागांवर घट्ट बसून हवेची वाट अडवतात. २४ जून १९८२ रोजी जावा बेटावरील गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत सापडलेल्या ब्रिटिश एअरवेजच्या बोइंग ७४७ विमानाची चारही इंजिने याच कारणाने बंद पडली. बरेच खाली आल्यावर ती पुन्हा सुरू झाली आणि विमान जकार्ताला सुखरूप उतरले. विमानातील हवामान रडार पावसाचे थेंब टिपण्यासाठी बनवलेले असल्याने कोरडी, बारीक राख त्याला दिसत नाही. त्यामुळे धोक्याची सूचना बाहेरूनच मिळावी लागते. हे काम आज जगभरातील नऊ ज्वालामुखी राख सल्लागार केंद्रे करतात.

या यंत्रणेची खरी कसोटी १४ एप्रिल २०१० रोजी सुरू झाली. आइसलंडमधील एयाफ्यात्लायोकुत्ल या हिमाच्छादित ज्वालामुखीच्या शिखरावर स्फोटक उद्रेक झाला, वितळलेल्या बर्फाचे पाणी शिलारसात मिसळल्याने राख विशेष बारीक झाली आणि वायव्येकडून वाहणाऱ्या वाऱ्यांनी ती थेट युरोपवर आणली. सुमारे आठवडाभर युरोपच्या मोठ्या भागातील हवाई वाहतूक ठप्प राहिली, जवळपास एक लाख उड्डाणे रद्द झाली आणि सुमारे एक कोटी प्रवाशांचा खोळंबा झाला. राख दिसेल तेथे उड्डाण नाही, असा तोवरचा दंडक होता. पण किती राख असल्यास विमानाला धोका, याचे सर्वमान्य उत्तर कोणाकडेच नव्हते.

राखेचा विस्तार सर्वांत आधी उपग्रहांना दिसतो. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून मेटिओसॅट उपग्रह दर काही मिनिटांनी युरोप व आफ्रिकेची प्रतिमा पाठवतो आणि पृथ्वीवरून बाहेर पडणारे अवरक्त किरण, म्हणजे उष्णतेचे अदृश्य किरण, वेगवेगळ्या तरंगलांबींवर मोजतो. पाण्याचे थेंब व हिमकण ११ मायक्रोमीटरपेक्षा १२ मायक्रोमीटर तरंगलांबीचे किरण अधिक शोषतात, तर राखेतील सिलिकेट याच्या नेमके उलट वागते. म्हणून या किरणांवरून काढलेल्या ११ वरील तापमानातून १२ वरील तापमान वजा केले असता उत्तर ऋण आले, तर तो ढग राखेचा असण्याची शक्यता मोठी असते. मात्र वाळवंटी धुळीचे उत्तरही ऋणच येते आणि राखेवर पावसाळी ढगांचे आच्छादन असल्यास हा हिशेब चुकतो. अशा वेळी ज्वालामुखीतून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइड वायूचा आधार घेतात, कारण तो सूर्याचे जंबुपार किरण शोषतो आणि उपग्रहाला ओळखता येतो. तरीही वायू सापडला तेथे राख असेलच असे नाही; २०११ मध्ये आइसलंडच्याच ग्रिम्सव्होत्न ज्वालामुखीचा वायू प्रामुख्याने उत्तरेकडे आणि राख दक्षिणेकडे गेली.

ढगाची उंची व जाडी वरून नीट कळत नाही, ती जमिनीवरील लायडर या उपकरणाने कळते. लायडर आकाशात लेझरचे स्पंद सोडतो आणि कणांवर आपटून परतणाऱ्या प्रकाशाला लागलेल्या वेळेवरून कणांची उंची काढतो. गोल थेंबावरून परतलेल्या प्रकाशाचे ध्रुवण, म्हणजे त्याच्या कंपनाची दिशा, जवळपास तशीच राहते, तर राखेच्या ओबडधोबड कणांवरून परतताना ती बदलते, त्यामुळे राख ओळखूही येते. १६ एप्रिल २०१० रोजी जर्मनीवर आलेला राखेचा थर अशाच उपकरणांनी टिपला आणि तो हळूहळू खाली उतरत असल्याचेही दाखवले.

हा थर उतरला तेव्हा त्याची नोंद हवेची गुणवत्ता मोजणाऱ्या केंद्रांनी घेतली. आल्प्समधील त्सुगश्पित्से शिखरालगतच्या, सुमारे २,६५० मीटर उंचीवरील केंद्रात धूलिकण आणि सल्फर डायऑक्साइड दोन्ही वाढले. शहरातील धूळ वाहनांमुळे आणि बांधकामांमुळेही वाढते, म्हणून नुसत्या धूलिकणांच्या आकड्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. वायूची जोड मिळाली आणि वाऱ्याची दिशा जुळली, तरच त्या धुळीचे मूळ ज्वालामुखीत आहे असे म्हणता येते. खुद्द ज्वालामुखीच्या परिसरात असा संशय उरला नाही. आइसलंडमधील विक गावात मे महिन्यात दहा मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांचे, म्हणजे पीएम १० चे, चोवीस तासांचे प्रमाण घनमीटरला १,२०० मायक्रोग्रॅमच्या वर गेले, तर आरोग्याच्या दृष्टीने ठरवलेली मर्यादा ५० ची होती.

या सर्व नोंदी एकत्र केल्यावर राखेच्या प्रसाराचे अंदाज पडताळता आले आणि युरोपातील नियमही बदलले. नुसत्या अस्तित्वाऐवजी घनमीटरमागे दोन व चार मिलिग्रॅम अशा प्रमाणांवरून हवाई क्षेत्राची वर्गवारी होऊ लागली.

२३ नोव्हेंबर २०२५ रोजी इथिओपियातील हायली गुब्बी ज्वालामुखीचा उद्रेक झाला, तेव्हा या पद्धतीचा उपयोग भारतालाही झाला. तांबडा समुद्र आणि अरबी समुद्र ओलांडून ती राख दुसऱ्याच दिवशी वायव्य भारतावर पोहोचली आणि विमान कंपन्यांनी काही उड्डाणे रद्द केली. दिल्लीकरांना मात्र आपली हवा आणखी बिघडेल अशी धास्ती वाटली. पण ढग बराच उंचावर असल्याने जमिनीवरील हवेवर त्याचा फारसा परिणाम होणार नव्हता. विमानांचा मार्ग बदलण्याचा निर्णय उंचावरील राखेवरून आणि नागरिकांना घरात थांबायला सांगण्याचा निर्णय जमिनीलगतच्या कणांवरून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी दोन्ही ठिकाणची मोजमापे चालू असणे आवश्यक ठरते.