पडघ्याची शिलाहारकालीन पायवाट

भिवंडी तालुक्यातील पडघ्याहून कल्याणकडे जाणाऱ्या रस्त्याच्या परिसरात लोनाड, चौधरपाडा आणि बापगाव ही गावे भातखाचरांमधून एकमेकांना जोडलेली असून, पावसाळा सरल्यावर येथील सपाट वाट कोणालाही सहज चालता येते. नवव्या ते तेराव्या शतकात हा प्रदेश उत्तर कोकणच्या शिलाहार राजघराण्याच्या सत्तेखाली होता. चौधरपाड्याचा शके ११६१ मधील शिलालेख दुसरा केशिदेव या राजाने दिलेल्या दानाची नोंद करतो आणि त्यातील ‘बोपग्राम’ म्हणजेच आजचे बापगाव, असे अभ्यासक मानतात. म्हणजे जवळपास आठशे वर्षे या गावाचे नाव थोड्या फरकाने टिकून आहे.

अशा दानलेखाच्या शिळेला ‘गधेगाळ’ म्हणतात. शिळेच्या माथ्यावर सूर्य-चंद्र कोरलेले असतात, कारण ते असेपर्यंत दान अबाधित राहावे अशी भावना असते. मध्ये लेख असतो, आणि खाली गाढव व स्त्री यांचे शिल्प असते, जे दान मोडणाऱ्याला दिलेली शापवाणी निरक्षरालाही कळावी म्हणून कोरलेले असते.

लोनाडला शिलाहारकालीन शिवमंदिराचे भग्न अवशेष आहेत, तर जवळच्या टेकडीवरील बौद्ध लेणे त्याहूनही जुने असून त्यातील शिल्पपटात राजदरबाराचे दृश्य दिसते. गोदामांच्या वाढत्या विस्तारात हा ठेवा टिकवायचा असेल, तर त्याची ओळख गावकऱ्यांना आणि शाळकरी मुलांना करून दिली पाहिजे. वाटसरूंनीही शिळांना शेंदूर किंवा रंग न लावता त्या जशा आहेत तशाच जपाव्यात.