बारावा आठवडा आणि ऊसतोडीचा हंगाम

दिवाळीच्या आगेमागे कागल तालुक्यातल्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्या दिसू लागतात. भांडी, गोधड्या, शेळी, पोरे आणि वर बसलेल्या बायका. कागलचा शाहू कारखाना, हमीदवाड्याचा मंडलिक, बिद्री आणि बेलेवाडी काळम्म्याचा घोरपडे, अशा एकाच तालुक्यातल्या कारखान्यांसाठी या टोळ्या येतात. बहुतेक बीड-मराठवाड्याकडच्या, त्यांतच सातपुड्याकडची भिल्ल आणि पावरा कुटुंबेही असतात. आपल्या मंडळीतील पुष्कळ जण नाताळात त्यांच्या कोप्यांवर जातात. या अंकात त्या ट्रॉलीवरच्या एका बाईविषयी लिहायचे आहे : जिला दिवस गेले आहेत, पण तिने अजून कुणाला सांगितलेले नाही.

न सांगण्याला कारण आहे. तीन महिने भरेपर्यंत वाच्यता करू नये, दृष्ट लागते, ही समजूत आदिवासी पाड्यांवर आहे तशी आपल्या शहरी घरांतही आहे. त्यामागचा अनुभव खोटा नाही. ओळखता आलेल्या दर शंभर गर्भारपणांपैकी दहा ते पंधरा आपोआप गळून जातात आणि त्यांतले बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांतच. निम्म्याहून अधिक वेळा गर्भाच्या पेशींतल्या गुणसूत्रांची जुळणीच चुकलेली असते. त्यात आईचा दोष नसतो, दृष्टीचा तर नाहीच. पण दुःख होईल म्हणून गप्प राहिलेली बाई नर्सबाईंकडेही जात नाही, आणि नेमके याच बारा आठवड्यांत सरकारी नोंद होऊन पहिली तपासणी व्हायला हवी असते. चारचौघांत सांगू नये, हे एक वेळ ठीक. नर्सबाई आणि आशाताई मात्र चारचौघांत मोडत नाहीत.

आठवडे कसे मोजायचे? शेवटची पाळी ज्या दिवशी सुरू झाली, तिथून. समजा ती तारीख १ ऑगस्ट. मग २४ ऑक्टोबरला बारा आठवडे पूर्ण होतात. बाळंतपणाची तारीख काढायला नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे, म्हणजे ८ मे. नाताळच्या दिवशी एकविसावा आठवडा चालू असतो. हंगाम मार्चअखेर संपला तर ती चौतीस आठवडे पार करून गावी परतेल. म्हणजे तिच्या गर्भारपणाचा मधला सगळा काळ, पोट दिसू लागल्यापासून ते जड होईपर्यंत, कागलच्या उसात जाणार. पाळी जूनच्या सुरुवातीला चुकलेली असेल, तर बाळंतपणही फेब्रुवारीत इथेच, कोपीत किंवा इथल्या दवाखान्यात. हा हिशेब तिच्या गावातच मांडून दिला, तर घरची माणसे वेगळा विचार करू शकतात. सासूला सोबत आणायचे का, मुकादमाकडून उचल अर्ध्या कोयत्याची घ्यायची का, हे उचल घेण्याआधीच ठरू शकते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकदा जोडीची उचल घेतली की तिचा प्रत्येक खाडा कर्जावर चढतो आणि मग उलटी होवो की चक्कर येवो, ती फडात उभी असते.

दुसरी अडचण गोळ्यांची. पहिले तीन महिने फॉलिक ॲसिडची लहान गोळी असते. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा फार लवकर, पहिल्या काही आठवड्यांतच, घडतो, ती त्यासाठी. चौथा महिना लागला की ती बंद होऊन लोहाची गोळी सुरू होते, रोज एक, निदान १८० दिवस. कॅल्शियमही तेव्हाच सुरू होते. ते लोहाच्या गोळीबरोबर घ्यायचे नाही, मध्ये काही तासांचे अंतर ठेवायचे. जंताची एक गोळीही पहिली तिमाही संपल्यावरच मिळते. म्हणजे गोळी बदलण्याचे आठवडे आणि गाव बदलण्याचे आठवडे एकच! जुन्या गावच्या आशाताईंच्या वहीत तिचे नाव आहे पण ती तिथे नाही, आणि कागलच्या आशाताईंना ती आल्याचे ठाऊक नाही. अशी पुढची औषधे राहून जातात. मुळात रक्त कमी, त्यात पहाटेपासूनची तोड. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले की पांडुरोग धरतात आणि ७ च्या खाली जिवाला धोका असतो.

यावर उपाय एका पिशवीत मावतो. निघण्यापूर्वी उपकेंद्रात नोंद करून माता-बाल संरक्षण कार्ड घ्यायचे. त्यावरचा नोंदणी क्रमांक जिल्हा बदलला तरी तोच चालतो. वजन, रक्तदाब, लघवी, हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, एचआयव्ही, गरमी आणि कावीळ-बी, एवढ्या तपासण्या पहिल्या खेपेतच उरकाव्यात. धनुर्वाताची पहिली सुई तेव्हाच घ्यायची, दुसरी चार आठवड्यांनी. ही दुसरी कागलात येते, हे तिला सांगून ठेवावे. कार्ड, आधार आणि बँकेचे पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून न्यावे, कारण कोपीत पाणी शिरते. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५००० रुपये आणि दुसरी मुलगी झाल्यास ६००० रुपये मिळतात. त्यालाही वेळेवरची नोंद लागते.

आदिवासी कुटुंबांत आणखी एक तपासणी विसरू नये, सिकलसेलची. भिल्ल आणि पावरा समाजांत हा रक्ताचा आनुवंशिक दोष बराच आढळतो. नवरा आणि बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला चारात एक बाळ आजारी होण्याची शक्यता असते. वाहक माणूस स्वतः धडधाकट असतो, म्हणून त्याला ठाऊकच नसते. बाईची तपासणी दोषाची निघाली की नवऱ्याचीही लगेच करावी आणि पुढचे डॉक्टरांशी पहिल्या तिमाहीतच बोलून घ्यावे. बाईलाच आजार असेल, तर ऊसतोडीला येणे तिच्यासाठी धोक्याचे आहे, हे तिच्या घरच्यांना स्पष्ट सांगावे लागते.

आता फडातले. मळमळ पहाटे उपाशीपोटी जास्त होते. उठल्या उठल्या भाकरीचा कोरडा तुकडा खावा, मग थोडे थोडे, पुन्हा पुन्हा. बाळ लहान राहिले की बाळंतपण सोपे, म्हणून मुद्दाम कमी खाणाऱ्या बाया अजून भेटतात. त्याने आई अशक्त होते, बाळही. मशेरी सोडायला हवी. हे बोलायला सोपे, पण भूक मारायला ती मशेरी लावते हे आपण ध्यानात घ्यावे. आडोसा नसल्याने बायका दिवसभर पाणी पीत नाहीत आणि लघवीला जळजळ सुरू होते; गर्भारपणात ती अंगावर काढू नये. मोळी बांधणे चालेल, पण तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढणे तिला टाळू द्यावे. हे मुकादमाशी नवऱ्यानेच बोलावे, आणि नवऱ्याशी आपल्यापैकी कुणा पुरुषाने.

रक्त जाऊ लागले, पोटाच्या एका बाजूला जोराचे दुखून चक्कर आली, ताप आला, किंवा उलट्यांनी पाणीही ठरेना आणि लघवी कमी झाली, तर पाळी संपण्याची वाट पाहू नये, १०८ ला फोन करावा. कागलात ग्रामीण रुग्णालय आहे. तिथून पुढे कोल्हापूरचे सीपीआर वीसेक किलोमीटरवर. अंगावर काढलेल्या दुखण्यांचा शेवट कसा होतो, ते २०१९ मध्ये बीडच्या पाहणीत दिसले. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेल्या आकड्यांत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती.

नाताळात कोप्यांवर जाल तेव्हा घोंगड्या आणि फराळ द्याच. सोबत एखादी बहीण असू द्या, तिने बायकांत बसून हळूच विचारावे : "ताई, शेवटची पाळी कधी आली? कार्ड आहे का?" कार्ड असेल तर त्यावरची पुढची तारीख वाचून दाखवावी, नसेल तर जवळच्या आशाताईंना कोपीचा ठिकाणा कळवावा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून पुढच्या गर्भवतींची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. वर मोजलेल्या आपल्या बाईला ९ जानेवारीला तेविसावा आठवडा पूर्ण होईल. त्या दिवशी एक गाडी आणि तिच्या बुडालेल्या दिवसाचा पगार, एवढी सोय मंडळीने आतापासून लावून ठेवावी.