कादंबरीतले गुपित आणि आमचे गुपित

शहापूर-मुरबाडच्या आमच्या वस्त्यांमध्ये ऐतिहासिक कादंबऱ्या आवडीने वाचणाऱ्या मुली-सुना आहेत. कसारा लोकलमध्ये, मुरबाडच्या एस.टी.त, तालुक्याच्या वाचनालयात त्यांच्या हाती हीच पुस्तके दिसतात. सरदाराचा वाडा, गरीब घरची देखणी मुलगी, घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या दडवलेले गुपित आणि शेवटी लग्न. आमचे काही कार्यकर्ते या वाचनाला नाके मुरडतात. आम्ही मुरडत नाही. ज्यांच्या पणजीला अक्षर शिवू दिले नाही, त्या मुलीने काय वाचावे हे दुसऱ्या कोणी ठरवू नये. पण वाचणाऱ्या डोळ्यांनी एक प्रश्न विचारावा : या कादंबऱ्यांतले गुपित नेमके कोणाच्या कामी येते?

गुंजीकरांची १८७१ सालची ‘मोचनगड’ ही मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी मानतात. तेव्हापासून हा प्रकार आमच्याकडे रुजला आणि त्यात एक क्लृप्ती पुन्हा पुन्हा येते. हलक्या कुळातला म्हणून हिणवलेला नायक अखेरीस उच्च कुळाचा निघतो. कोणीतरी लॉकेट, पत्र किंवा अंगावरची खूण दाखवते आणि सगळे प्रश्न मिटतात. पौराणिक असली तरी शिवाजी सावंतांची १९६७ सालची ‘मृत्युंजय’ घ्या. सूतपुत्र म्हणून कर्णाचा अपमान झाला की वाचक रडतो. पण तो मुळात कुंतीचा पुत्र आहे, हे वाचकाला आधीपासून ठाऊक असते. कर्ण खरोखरच सूताचा मुलगा असता, तर तो अपमान न्याय्य ठरला असता काय? कुळाचे गुपित फुटते, पण कुळाची उतरंड जागची हलत नाही. अन्याय जातीचा होता, असे कादंबरी म्हणत नाही. माणूस ओळखण्यात चूक झाली, एवढेच म्हणते.

आमच्याकडेही अशी एक प्रेम, संशय आणि गुपित यांची कथा आहे. अमृतनाकाची आख्यायिका जुन्या माणसांना पाठ असे. बिदरच्या बादशहाच्या घरातील स्त्रीला सोडवून आणायला निघताना त्याने एक बंद पेटी बादशहाकडे ठेवली. परत आल्यावर संशय घेतला गेला, तेव्हा पेटी उघडली. त्यात त्याने स्वतःचे पुरुषत्व कापून ठेवले होते. त्या बदल्यात महारांना बावन्न हक्क मिळाले, असे सांगतात. यातला दाह पाहा. वरच्या घरातली स्त्री आणि खालच्या जातीचा पुरुष एकत्र प्रवास करतात, तेव्हा पुरुषाला स्वतःला कापून निर्दोषत्व सिद्ध करावे लागते. आणि मिळालेले हक्क कसले? त्यांत मेलेली ढोरे ओढणेही आले. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयक आणले, ते याच जोखडाला हात घालण्यासाठी. आजोबांचा ‘हक्क’ म्हणजे नातवाची बेडी होती, हे त्यांनी ओळखले.

कादंबरीत गुपित फुटले की लग्न लागते. खऱ्या गावात काय होते? नगर जिल्ह्यातील (आता अहिल्यानगर) खर्डा येथे एप्रिल २०१४ मध्ये एका दलित शाळकरी मुलाला प्रेमाच्या संशयावरून ठार मारले. साक्षीदार उलटले आणि २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. तो उच्च कुळातला असल्याचे सांगणारी पेटी तेथे कोणी उघडली नाही. आणि अशी पेटी लागावीच का? माणूस असणे पुरेसे नाही काय?

नायक हवा असेल तर मुरबाडकरांना दूर जायला नको. सिद्धगडाच्या जंगलात २ जानेवारी १९४३ रोजी इंग्रजांच्या गोळ्यांनी भाई कोतवाल हुतात्मा झाले. नाभिक घरात जन्मलेला हा वकील. त्यांच्यासोबत हिराजी पाटीलही पडले. कोतवालांच्या मोठेपणासाठी कोणाला दडवलेली वंशावळ शोधावी लागली नाही. शहापूरच्या माहुली गडावर १६३६ साली शहाजीराजांना वेढा पडला, हे पुस्तकात असते. पण गडावर पाणी, लाकूडफाटा, धान्य कोणी वाहिले, हे कोणती कादंबरी विचारते? त्या वाहणाऱ्यांच्या घरातही प्रेमे झाली असतील, ताटातुटी झाल्या असतील.

आमच्या घरातली गुपिते वेगळी आहेत. बदललेले आडनाव, शहरात भाड्याची खोली मिळावी म्हणून लपवलेली जात. बाबुराव बागुलांनी १९६३ सालीच ‘जेव्हा मी जात चोरली होती’ असे नाव देऊन ते उघड केले. पुढे दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८), बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’, ऊर्मिला पवारांचे ‘आयदान’ आले. त्यांतही घराण्याची गुपिते आहेत, पण ती फुटल्यावर शरमेने मान खाली जाते ती व्यवस्थेची.

तेव्हा भगिनींनो, कादंबऱ्या खुशाल वाचा. वाचता वाचता वाड्याचे अंगण झाडणारीचे नाव शोधा. ते सापडणार नाही. मग वही घेऊन आजीजवळ बसा. वेठ कशी केली, वतन कसे सुटले, १९५६ नंतर घरातले देव कोणी आणि कसे बाहेर काढले, ते तिच्या शब्दांत उतरवा. आजी गेली की ते पुस्तक कोणत्याच वाचनालयात मिळणार नाही.